एक डोळा मंद, दुसरा आभाळात: हेडलाइटचं काय करू?

खोऱ्यातला | सोमवार, रात्री १०:५०

गाडी २०१३ ची हॅचबॅक, गेल्या वर्षी सेकंड हँड घेतली. राहायला कुडाळजवळ, कामासाठी महिन्यातनं दोनदा कोल्हापूर. परवा परतताना आजऱ्यात जेवलो आणि आंबोलीमार्गे खाली उतरलो. साडेदहा वाजलेले, पाऊस भुरभुरत होता, वर धुकं. खोटं नाही सांगत, हेडलाइट चालू आहेत का बघायला दोनदा गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो. चालू होते. पण रस्त्याची कड दिसेना, पांढरा पट्टा दिसेना. आणि गंमत म्हणजे मला काही दिसत नसताना समोरून येणारा प्रत्येक जण मलाच अप्पर-डिप्पर मारत होता! एका ट्रकवाल्याने तर काच खाली करून आईवरनं आशीर्वाद दिला.

सकाळी नीट बघितलं. डावा दिवा उजव्यापेक्षा मंद, लालसर. दोन्ही काचा पिवळ्या पडलेल्या. उजव्या दिव्यात आतून दव. ॲक्सेसरीजच्या दुकानात दाखवली, तर तो बॉनेट न उघडताच म्हणाला, "एलईडी टाका, साडेतीन हजारात रात्रीचा दिवस करून देतो." टाकू का? इथे कुणी टाकलेत का?

टॉर्क_टॉक | सोमवार, रात्री ११:०५

डोळे मिटून टाका. मी दोन वर्षांपूर्वी टाकले, हॅलोजन म्हणजे मेणबत्ती वाटते आता.

वायरवाला | सोमवार, रात्री ११:३०

डोळं मिटूनच चालवायची असंल तर टाका की.

खोऱ्यातला, जरा दम धरा. इचलकरंजीत एकवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. "लाइट कमी पडतोय" म्हणून आलेल्या दहातल्या सात गाड्यांत बल्ब चांगला असतो. आधी एवढं सांगा. डावा दिवा डिपरला (खाली पडणारा जवळचा उजेड) आणि अप्परला (लांबचा उजेड) दोन्हीकडं मंद आहे का? इंजिन रेस केल्यावर उजेड वाढतो का? हेडलाइट चालू ठेवून डावा इंडिकेटर दिला तर काय होतं? आणि स्टेअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांची चकती असंल, ती कितीवर आहे?

खोऱ्यातला | मंगळवार, सकाळी ८:१०

मामा, बघून आलो. डावा दोन्हीकडे मंद. रेस केल्यावर किंचित फरक, फार नाही. इंडिकेटर दिला तर अजब प्रकार: इंडिकेटर पेटला की डावा हेडलाइट दबतो, विझला की पुन्हा वर येतो. टिकटिक टिकटिक, ताल धरल्यासारखा. चकती ३ वर आहे. ती कशाची असते हेच मला ठाऊक नव्हतं, मी कधी हात लावलेला नाही.

वायरवाला | मंगळवार, सकाळी ९:००

मग झालं की निदान. डाव्या बाजूचा अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट (अर्थिंग), गेलाय.

बॅटरीतनं करंट निघतो, बल्बात जातो आणि गाडीच्या बॉडीतनं परत बॅटरीच्या मायनसला येतो. डाव्या बाजूचा हेडलाइट, पार्किंग, इंडिकेटर या सगळ्यांच्या काळ्या वायरी बहुतेक गाड्यांत एकाच बोल्टाला बांधलेल्या असतात. तो बोल्ट गंजला की नळाला पाणी आहे पण मोरी तुंबलीय अशी गत. एकटा हेडलाइट कसाबसा चालतो, त्यात इंडिकेटरचा करंट पण त्याच तुंबलेल्या मोरीत आला की दोघं एकमेकाला ढकलतात. म्हणून तो ताल. तुमच्या कोकणातल्या दमट हवेत तर हे हमखास.

चकतीला दिव्याचा लेव्हलर म्हणतात. मागं माणसं, सामान भरलं की गाडीचं नाक वर येतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा आकडा वाढवायचा, दिवा खाली बघतो. एकटं चालवताना ० पाहिजे. तुमचा डावा दिवा मंद तर आहेच, वर जमिनीत तोंड खुपसून बसलाय. पण मग समोरचे तुम्हाला लाइट का मारतायत हे कोडं राहतं. त्याचा विचार नंतर करू.

मल्टीमीटर आहे का? दोनशे-अडीचशेत मिळतो. इंजिन आणि डिपर चालू ठेवायचा, कपलर (बल्बच्या बुडाला बसणारा वायरींचा सॉकेट) बल्बला लावलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूनं पिनांना टोचून मोजायचं. हे ध्यानात ठेवा, कारण निम्मे लोक कपलर काढून मोजतात आणि "पूर्ण व्होल्टेज येतंय" म्हणून सांगतात. करंट वाहत नसंल तर गंजलेल्या वायरीवर पण पूर्ण व्होल्टेज दिसणारच. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग बल्बच्या डिपर पिन ते अर्थ पिन. मग मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल तार बल्बच्या अर्थ पिनला. हा शेवटचा आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास पाहिजे. काही जपानी घडणीच्या गाड्यांत कॉमन पिन प्लस असते आणि स्विच मायनस तोडतो. तुमची तशी निघाली तर आकडे उलटे दिसतील, घाबरू नका, इथं लिहा.

मोगरा७१ | मंगळवार, दुपारी १:२०

खोऱ्यातला, तुम्ही निदान उतरून बघितलंत तरी! मी नाशिकहून सिन्नरकडे रोज येते-जाते. संध्याकाळी सातनंतर समोरून येणारी दर तिसरी गाडी म्हणजे पांढऱ्या उजेडाची भिंत. सुरुवातीला वाटलं सगळे अप्परवर चालवतात. मग लक्षात आलं की डिपर दिला तरी भिंत तशीच. माझंच वय झालं की यांचे दिवे बिघडले?

डोळस | मंगळवार, दुपारी ३:४५

मोगराताई, थोडं दोन्ही असू शकतं. (मी नेत्रतपासणीच्या क्षेत्रात आहे.) चाळिशी-पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग गढूळ व्हायला लागतं, बाहेरचा उजेड आत विखुरतो आणि दिव्याभोवती वलय दिसतं. झगमगाटानंतर डोळा पूर्ववत व्हायला लागणारा वेळही वयाबरोबर वाढतो. म्हणून एकदा तपासणी करून घ्याच; सुरुवातीचा मोतीबिंदू बऱ्याचदा रात्रीच्या ड्रायव्हिंगमध्येच आधी जाणवतो. "नाइट ड्रायव्हिंग"चे पिवळे चष्मे मात्र घेऊ नका. ते समोरच्याचा उजेड कमी करतात तसा तुमच्या रस्त्यावरचाही कमी करतात.

आणि दवाखान्यात यायच्या आधी समोरची काच आतून पुसून बघा. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हात तापून काचेवर आतल्या बाजूला तेलकट थर बसतो. दिवसा दिसत नाही.

मोगरा७१ | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

काच पुसली. फडकं काळं झालं! लाज वाटली. भिंत निम्म्याने कमी झाली, उरलेल्या निम्म्यासाठी शनिवारी अपॉइंटमेंट घेतली आहे.

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ९:१५

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला सात इंची गोल काचेचे दिवे होते. खरी काच. पिवळी पडणं हा प्रकारच नाही. दगड लागला की फुटायची तेवढीच. पण उजेडाची बढाई मारणार नाही. त्याआधी वडिलांच्या गाडीत डायनामो होता, सिग्नलला उभं राहिलं की दिवे म्हाताऱ्यासारखे पेंगायचे, ॲक्सिलरेटर दाबला की जागे व्हायचे. खंडाळ्याच्या घाटात वडील चढ असो-नसो उगाच रेस करायचे, ते दिव्यासाठी. हल्ली डायनामोच्या जागी अल्टरनेटर असतो, त्याला ती कटकट नाही.

वायरवाला | मंगळवार, रात्री ९:४०

काका, अजून पण रेस केल्यावर उजेड ठळक वाढत असंल तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल किंवा अल्टरनेटर आजारी. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ हिशेबात कमी होत नाही, लई झपाट्यानं पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळजवळ ३० टक्के जातो. उलट व्होल्टेज वाढलं की उजेड वाढतो पण बल्बचं आयुष्य कोसळतं. महिन्या-दोन महिन्याला बल्ब उडत असतील तर बल्बच्या कंपनीला शिव्या देण्याआधी चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १५ च्या वर दिसलं तर चार्जिंग आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, तो बल्बच काय, बॅटरी पण उकळंल.

बल्ब वारंवार जायचं दुसरं कारण म्हणजे बोटं. हॅलोजनच्या काचेला उघड्या हातानं शिवलं की घामा-तेलाचा डाग राहतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तिथं फुगते, तडकते. बुडाला धरून बसवायचा. चुकून हात लागला तर सर्जिकल स्पिरिटनं पुसायचा.

खोऱ्यातला | बुधवार, रात्री ८:३०

मीटर आणला. भाच्याला गाडीत बसवून लाइट लावायला सांगितले आणि मी पुढे. आकडे असे:

बॅटरी १३.८. डावा बल्ब ११.६. उजवा बल्ब १२.९. डाव्याचा अर्थ ते बॅटरी मायनस १.५. उजव्याचा ०.२.

वायरवाला | बुधवार, रात्री ९:०५

शाब्बास. आता बघा, १.५ व्होल्ट नुसते त्या गंजलेल्या बोल्टात जळतायत. डावा उजव्यापेक्षा १० टक्के कमी व्होल्टेजवर, म्हणजे उजेड ३० टक्के कमी. तुमच्या डोळ्याला जे दिसलं तेच मीटर सांगतोय. उरलेले ०.७ दोन्हीकडं सारखे जातायत, ते प्लसच्या बाजूला: स्विच, वायर, कपलर. जुन्या गाडीत एवढं असतं. त्याचं औषध रिले, म्हणजे बॅटरीतनं बल्बला थेट करंट सोडणारा स्विच, पण पहिल्यांदा बोल्ट.

डाव्या दिव्यामागं काळी वायर बॉडीला कुठं लागते ते शोधा. बोल्ट काढा, वायरीचा डोळा आणि बॉडीची जागा दोन्ही पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली चोपडा. खर्च शून्य.

टॉर्क_टॉक | बुधवार, रात्री ९:२०

एवढी शोधाशोध करण्यापेक्षा एलईडी काय वाईट? करंट कमी खातो, अर्थ कमजोर असला तरी चालतो. माझ्या गाडीसमोर क्रिकेट खेळता येईल एवढा उजेड पडतो.

वायरवाला | बुधवार, रात्री ९:५०

तुमच्या गाडीसमोर खेळता येईल हो, पण रस्त्यावर आपल्याला गाडीसमोरचं नाही, लांबचं बघायचं असतं.

एच-४ म्हणजे अप्पर-डिपर दोन्ही एकातच असलेला हॅलोजन बल्ब, तो निरखून बघा कधी. आत दोन तारा. डिपरच्या तारंखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, कारण तो रिफ्लेक्टरवर आपटून वर, समोरच्याच्या डोळ्यात जाणार असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोपरा ती तार बरोबर त्या जागी आहे असं धरून कोरलेला आहे, मिलिमीटरच्या हिशेबात. एलईडी बल्बात तारेच्या जागी दोन बाजूला चिप. चिपचा आकार वेगळा, जागा वेगळी. उजेड भरपूर निघतो, पण कुठं जाईल याचा भरवसा नाही. जवळच्या दहा मीटरमध्ये भसाभस पडतो, तेवढ्यानं आपली बाहुली आकसते आणि लांबचा रस्ता उलट काळा होतो. डोळस सांगतील बरोबर का चूक.

डोळस | बुधवार, रात्री १०:१५

बरोबर. जवळचा झगमगाट आणि लांबचा अंधार एकत्र आले की डोळा झगमगाटाशी जुळवून घेतो.

टॉर्क_टॉक | बुधवार, रात्री १०:२०

मग नव्या गाड्यांत कंपनीच एलईडी देते त्याचं काय?

वायरवाला | बुधवार, रात्री १०:३५

ते बेस्टच असतात. कारण तिथं दिवाच एलईडीसाठी घडवलेला असतो. माझं भांडण एलईडीशी नाही, हॅलोजनच्या घरात एलईडी भाडेकरू घुसवण्याशी आहे.

स्टुटगार्टहून | गुरुवार, पहाटे २:३०

इथल्या अनुभवाची भर घालतो. जर्मनीत हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब घालणं सरसकट बेकायदा होतं. २०२० नंतर काही ठरावीक बल्बना परवानगी मिळाली, तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यातच, यादी बघून. म्हणजे वायरवाला म्हणतायत ते चाचणीतून मान्य झालेलं आहे: काही दिव्यांत जमतं, काहींत जमत नाही, आणि डोळ्यांनी बघून ते कळत नाही. दर ऑक्टोबरात इथली गॅरेजेस हेडलाइट फुकट तपासून देतात, काचेवर स्टिकर लावतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उजवा दिवा वर बघत होता. गाडी जेमतेम तीन वर्षांची होती आणि मला पत्ताही नव्हता.

एक गंमत: डिपरचा उजेड भिंतीवर सपाट रेषेसारखा दिसतो, पण एका बाजूला ती रेष वर चढते. आपल्याकडे डावीकडे, इथे उजवीकडे. रस्त्याच्या कडेचा माणूस, पाटी दिसावी म्हणून. त्यामुळे परदेशातून सुटे दिवे मागवताना जपून. चुकीच्या बाजूचा दिवा लावला तर तो चढ थेट समोरच्याच्या डोळ्यात.

खोऱ्यातला | गुरुवार, रात्री ९:००

मामा, पाया पडतो! बोल्ट सापडला. बोल्ट कसला, तपकिरी भुकटी. घासला, आवळला. डाव्या बल्बवर आता १२.९. इंडिकेटरचा ताल बंद.

पण आता दुसरंच निघालं. उजव्या दिव्यामागे हात घातला तर रबरी टोपी नाहीच! बल्बचं बूड उघडं. कपलर काढला तर तो एका बाजूने तपकिरी, वितळल्यासारखा. आणि बल्ब हातात हलतोय. त्याला धरणारी तारेची क्लिप अर्धीच अडकलेली.

वायरवाला | गुरुवार, रात्री ९:२५

सुटलं कोडं.

आधीच्या मालकानं १००/९० चा बल्ब लावलेला असणार. साधा एच-४ असतो ६०/५५ वॅटचा. अप्परला दोन दिव्यांचे १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. १०० चे दोन लावले की १६-१७ अँपिअर. वायर, स्विच, कपलर त्याच मापाचे राहिले, मग कपलर भाजला. वर कधीतरी घाईत बल्ब बदलला, क्लिप नीट बसवली नाही, टोपी बाजूला ठेवली ती ठेवलीच. बल्ब तिरका झाला, तार आपल्या जागेवरून खाली सरकली, उजेड वर उडाला. तुम्हाला शिव्या देणारा ट्रकवाला बरोबर होता. त्या उजव्या दिव्याला दाबायला कुणीतरी चकती ३ वर नेली, आणि बिचारा डावा फुकट जमिनीत गेला. आणि टोपी नसल्यानं पाणी आत. एका आळसाची चार पिल्लं.

नवीन सिरॅमिकचा कपलर घ्या, प्लॅस्टिकचा नको. दोन्ही बल्ब एकदम बदला, साधे ६०/५५, चांगल्या कंपनीचे. टोपी दिव्याच्या मॉडेलप्रमाणं मिळते, जुन्या बाजारात शोधा.

मोगरा७१ | गुरुवार, रात्री ९:४०

गुप्तहेर कथा वाचल्यासारखं झालं.

जुनापुराणा | गुरुवार, रात्री १०:००

टोपी बॅटरीखालच्या ट्रेमध्ये बघा. मेकॅनिक लोक तिथे ठेवून विसरतात. माझा दहा मिमीचा पाना तिथे चार वर्षांनी सापडला होता.

खोऱ्यातला | शुक्रवार, सकाळी ७:३०

काका, टोपी नाही, पण एक रुपयाची तीन नाणी आणि उंदराचं घरटं सापडलं.

रातकिडा | शुक्रवार, दुपारी १२:४०

मध्येच विचारतो. माझे दोन्ही डिपर एकदम गेले, अप्पर चालू आहे. दोन बल्ब एकाच वेळी कसे उडतील? स्विच गेला म्हणायचं का?

वायरवाला | शुक्रवार, दुपारी २:१०

बऱ्याचदा एक आधीच गेलेला असतो, माणसाला कळत नाही, दुसरा गेला की दोन्ही एकदम गेले वाटतात. बल्ब काढून बघा, डिपरची तार तुटलेली किंवा काच काळी-चंदेरी दिसली तर बल्बच. तारा शाबूत असतील तर फ्यूज. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात, म्हणून एकच बाजू पूर्ण मेली तर फ्यूज आणि बल्ब, दोन्ही मेल्या तर रिले किंवा डिपर स्विच. रिले तपासायला मीटर नको: हॉर्नचा रिले तसाच असंल तर अदलाबदल करून बघा. आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असंल तर मोठा फ्यूज घालू नका, वायर कुठंतरी पत्र्याला घासतीय.

रातकिडा | शुक्रवार, संध्याकाळी ६:००

दोन्ही बल्बच निघाले. एक बहुतेक दिवाळीपासून गेलेला असावा. धन्यवाद.

खोऱ्यातला | शनिवार, सकाळी १०:१५

बल्ब, कपलर बदलले, चकती ० वर. आता काचा. मेहुणा म्हणतो टूथपेस्टने घास, शेजारी म्हणतो डास पळवायचं क्रीम चोळ, दोन मिनिटांत चकाकते. कुणाचं ऐकू?

घासपूस | शनिवार, सकाळी ११:००

डासवाल्याचं अजिबात नको! काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट आहे. त्या क्रीममधलं रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून चकाकतं. काही दिवसांनी चिकट, मग बारीक तडे. थिनर, पेट्रोल हेही तसेच वैरी. टूथपेस्ट निरुपद्रवी आहे, पण तिचा दिमाख दोन-तीन आठवड्यांचा.

मुळात होतं काय, प्लॅस्टिकवर कारखान्यात उन्हापासून वाचवणारा पारदर्शक लेप दिलेला असतो. तो सात-आठ वर्षांत उन्हाने मरतो, पिवळा पडतो. आपल्याला तो मेलेला लेप पूर्ण काढून नवा द्यायचा आहे. दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा, दोन थर. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर: १००० नंबर, मग १५००, २०००, शेवटी ३०००. घासताना पाणी सारखं सोडत राहा. सुरुवातीला पिवळं दूध वाहतं, तो जुना लेप. दूध पांढरं होईपर्यंत १००० नंबर सोडू नका, इथेच सगळे घाई करतात. या टप्प्यावर दिवा आंधळा, दुधी दिसेल आणि तुम्हाला वाटेल वाट लागली. लागलेली नसते. ३००० झाल्यावर रबिंग कंपाउंडने पॉलिश केलं की पाण्यासारखं स्वच्छ.

आणि मग, कृपा करून, यूव्हीपासून वाचवणारा क्लिअर कोट मारा. तो न मारता सोडलंत तर उघडं प्लॅस्टिक पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त पिवळं होईल. मी पहिल्या गाडीला हेच केलं, सहा महिन्यांत हळदीकुंकू. पिवळेपणा आतून असेल किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल, तर मात्र घासून उपयोग नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो.

खोऱ्यातला | रविवार, संध्याकाळी ५:३०

चार तास, दोन्ही दंड गेले. पण काच अशी झालीय की आतला बल्ब वाचता येतो! पिवळं दूध बघून आईने विचारलं, गाडीला कावीळ झाली का.

आता फोकस कसा लावायचा?

वायरवाला | रविवार, संध्याकाळी ७:००

टायरमध्ये हवा बरोबर भरा. पेट्रोल निम्मं. ड्रायव्हरच्या जागेवर कुणीतरी तुमच्या वजनाचा बसवा, चकती ० वर. सपाट जागेवर गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारा. मग सरळ मागं १० मीटर. डिपरची वरची सपाट रेष खडूच्या खुणेच्या १० सेंटीमीटर खाली आली पाहिजे. जागा कमी असंल तर ५ मीटरला ५ सेंटीमीटर. एका दिव्यावर फडकं टाकून दुसरा लावा, नाहीतर कुणाची रेष कुठली कळत नाही. दिव्यामागं दातेरी स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. अर्धा फेरा द्या, बघा, पुन्हा अर्धा. जोर नको, प्लॅस्टिक जुनं आहे, दात तुटले तर दिवा गेला.

मोगरा७१ | रविवार, रात्री ८:२०

धुक्यात पिवळे दिवे चांगले म्हणतात ते खरं का? अपॉइंटमेंटहून आले, सुरुवातीचा मोतीबिंदू आहेच. डोळस, आभार.

डोळस | रविवार, रात्री ८:५५

बरं झालं तपासलंत, सुरुवातीचा आहे तर घाई नाही.

धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की पिवळा-पांढरा सगळेच जवळपास सारखे विखुरतात. पिवळा धुकं भेदतो म्हणणं तसं खरं नाही. डोळ्याला मऊ लागतो एवढंच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, तरी बाकीच्या युरोपचं काही अडलं नाही. धुक्यात खरा उपयोग दिव्याच्या उंचीचा. फॉग लॅम्प खाली बंपरमध्ये असतो, त्याचा उजेड धुक्याच्या खालून रस्त्यावर सपाट पसरतो. अप्पर लावला की समोर पांढरा पडदा.

खोऱ्यातला | पुढच्या शनिवारी, रात्री ११:५५

आत्ता घरी पोचलो. पुन्हा आजरा, पुन्हा आंबोली. यावेळी पाऊस मागच्या खेपेपेक्षा जास्त. ओला रस्ता अजून काळाच दिसतो, पाण्यावरून उजेड आरशासारखा पुढे निघून जातो, त्याला इलाज नाही. पण डावी कड दिसत होती, दगडी कठडे दिसत होते, वळणावर म्हैस बसलेली वेळेत दिसली. सावंतवाडीपर्यंत एकानेही लाइट मारला नाही. उलट दाणोलीजवळ एक एलईडीवाला समोरून आला आणि त्याला मीच मारला. टॉर्क, तुम्ही नव्हता ना?

एकूण खर्च: मीटर, बल्ब, कपलर, पेपर, क्लिअर कोट धरून तेराशेच्या आत.

टॉर्क_टॉक | रविवार, सकाळी ९:१०

मी पुण्यात होतो, साक्षीदार आहेत. काल रात्री भिंतीसमोर लावून बघितली गाडी. रेष वगैरे काही दिसली नाही, अख्खी भिंत पांढरी. जुने बल्ब माळ्यावर आहेत, काढतो.

वायरवाला | रविवार, सकाळी १०:००

खोऱ्यातला, ते टोपीचं काय झालं? उजव्या दिव्यात दव आहे का अजून?

खोऱ्यातला | रविवार, सकाळी १०:२०

आहे थोडं. टोपी मिळाली नाही अजून, सध्या जाड प्लॅस्टिक आणि रबरबँड लावलाय.

वायरवाला | रविवार, सकाळी १०:२५

काढा ते आत्ताच्या आत्ता, वितळून बल्बवर पडंल. त्या दिव्याचं मॉडेल काचेवर कोपऱ्यात कोरलेलं असतं, फोटो पाठवा. पुण्याच्या नाना पेठेत माझा एक माणूस आहे.